राखेचं बोट

विणकरांच्या खासबागेत कुणाच्या मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपत आला की सुवर्णाक्काला निरोप जातो. जुन्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याची टोकं, असे तीन-तीन हजार धागे बोटांनी पिळून जोडायचे. याला सांधणी म्हणतात. बोट घसरू नये म्हणून शेजारी राखेची वाटी ठेवायची आणि दर चार-पाच धाग्यांमागं चिमूटभर बोटांना लावायची. पंचवीस वर्षं हे केलेल्या बाईच्या बोटांना राखेशिवाय चैन पडत नाही. भाकरी थापायला बसली तरी तिचा हात आधी ती वाटी शोधतो, असं तिचा नवरा केदारी म्हणतो. केदारी सहसा खोटं बोलत नाही, कारण मुळात तो सहसा बोलतच नाही.

या बाईनं आषाढापासून दसऱ्यापर्यंत कॉलेज रोडवरच्या शिवराज दुकानदाराच्या नाकी नऊ आणले. घ्यायचा होता एक कंप्युटर. तोही आयता नाही, सुटे भाग निवडून घरी जोडायचा.

कंप्युटर लेकीसाठी होता. रूपाली बेंगळूरला नोकरी करते. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचे प्रोग्रॅम लिहायला मनाई, आणि गेमचं तर नावच काढायला नको. राहायला एका खोलीत तिघी आणि टेबल एक. म्हणून ठरलं की कमी पैशात बसेल असं दमदार मशीन खासबागेतल्या बाहेरच्या खोलीत मांडायचं. "घरात मशीन असलं की मी महिन्या-दोन महिन्याला येत जाईन, आई. चार दिवस तिथनंच काम करीन," असं रूपाली म्हणाली होती. ते वाक्य आईनं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं. लेक चैत्रात उगादीला येऊन गेली होती, त्यानंतर नाही.

सगळं ऑनलाइन मागवलं असतं तर आठवड्यात काम झालं असतं. पण सुवर्णाक्काचं एकच म्हणणं, "सूत बोटात फिरवून बघितल्याबिगर घ्यायचं न्हाय." मग रूपालीनं संध्याकाळी फोनवर नाव सांगायचं, दुसऱ्या दिवशी आईनं दुकानात जाऊन ती वस्तू हातात धरायची आणि संध्याकाळी फोनवर तिची खोड काढायची. कॅबिनेटचा पत्रा पातळ निघाला. मदरबोर्डला रॅमच्या खाचा दोनच होत्या. "चार खाचांचा घे गं, पुढं लागत्यात," असा सल्ला तिनं दिला, जसं काही जन्मभर मदरबोर्डच विणत आली होती. पॉवर सप्लाय तिनं तळहातावर तोलून परत दिला.

"हलका हाय. असला घ्यायचा न्हाय."

"अगं आई, वजनावर काय असतंय?"

रूपाली हसली. मग तिनं वाचून काढलं, तर तो खरंच तकलादू म्हणून बदनाम होता. त्या दिवशी सुवर्णाक्का गल्लीतून अशी चालली, की समोरून येणारी रिक्षाच बाजूला झाली.

खरं सांगायचं तर तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पूर्वी फोनवर काय व्हायचं? जेवलीस? जेवले. ठेवू? ठेव. आता बोलणं अर्धा-पाऊण तास चालायचं. ग्राफिक्स कार्ड आत्ताच घ्यायचं की ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घेऊन कार्ड मागाहून, यावर दोघी सतरा दिवस भांडल्या. सुवर्णाक्काला ते सतरा दिवस लेक घरात असल्यासारखे गेले. सगळी यादी पुरी झाली तेव्हा शिवराजनं सुटकेचा श्वास टाकला, आणि ही बाई दुकानाच्या पायरीवर उगीच बसून राहिली. तिला कंप्युटर नको होता हो. तिला लेक हवी होती.

दसऱ्याला येऊन जोडते म्हणालेली रूपाली आली नाही. कामाची घाई होती, रजा नाही. "शिवराजभाऊंकडनं जोडून घे," असं फोनवर म्हणाली.

सुवर्णाक्का फणकारली. तीन हजार धागे जोडणारीला पाच-पंचवीस तारा काय जड? खंडेनवमीला मागाशेजारी कंप्युटरही चालता पुजायचा, म्हणून सकाळीच अंघोळ करून बसली. ज्या बारक्या पिनांपुढं शिवराजही चष्मा पुसतो, त्या तिनं पहिल्या झटक्यात बसवल्या. रॅमची पट्टी खाचेत दाबली. बटण दाबलं, पंखे फिरले, आणि पडदा काळाच राहिला. तिनं फोन लावला.

"मी येईपर्यंत हात लावू नकोस," रूपाली म्हणाली. "शुक्रवारी काम संपतंय. शनिवारी सकाळी येते."

सणाला न येणारी लेक काळ्या पडद्याला येत होती! सुवर्णाक्कानं त्या बंद मशीनला दोन झेंडूची फुलं जास्तच वाहिली.

पण चुकलं कुठं, ही टोचणी राहिलीच. गुरुवारी ती दुकानात गेली. शिवराजनं तिच्या बोटांकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आक्का, राख लावून जोडलासा काय? रॅमचे सोनेरी दात खोडरबरनं पुसा." जित्याची खोड, दुसरं काय. घरी येऊन तिनं पुसले, पट्टी बसवली, बटण दाबलं. पडदा उजळला.

तिला आनंद झाला, पण क्षणभरच. हे आता रूपालीला सांगायचं, मग ती म्हणणार, बरं झालं, आता दिवाळीनंतर बघू. सुवर्णाक्का त्या उजेडात बराच वेळ बसली. मग तिनं मशीन बंद केलं, पट्टी काढली, वाटीत बोट बुडवलं आणि सोनेरी दातांवरून सावकाश फिरवलं.

शनिवारी रूपाली आली. चार धपाटे खाल्ले, बापाशी गप्पा मारल्या म्हणजे एकटीच बोलली, आणि मशीन उघडून बसली. पट्टी काढून उजेडात धरली.

"आई, खोडरबर हाय काय गं?"

चोराच्या मनात चांदणं. सुवर्णाक्कानं घाईघाईत मागाच्या फळीवरचा खोडरबर काढून दिला, आणि देताना तिच्या लक्षात आलं की त्याचा एक कोपरा काळा झालाय. रूपालीनं आधी तो कोपरा बघितला, मग पट्टी, मग आई. आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

रूपालीनं दात पुसले. पडदा उजळला.

"राख लई वाईट असती गं मशीनला," ती हळूच म्हणाली.

"व्हय."

"परत लागंल काय?"

"लागंल की. सवय हाय."

रूपाली कॅबिनेटचे स्क्रू आवळत होती. शेवटचा स्क्रू तिनं थोडा ढिलाच ठेवला.

"दिवाळीला लावू नकोस. दिवाळीला मी येतेच हाय. त्याच्यानंतर लाव."