शेपटी भरेपर्यंत

नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला. काठी घेऊन ते घरातल्या घरात फिरू लागले, गॅलरीत उभे राहू लागले. हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी पडून राहायचा. डाव्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. त्या हाताने ते टीव्हीचा रिमोट दाबत, मोबाईल चाळत, दाढीसुद्धा करत. फक्त जेवत नसत. डाव्या हाताने जेवायचं नसतं, हे त्यांच्या आईने लहानपणी फटके देऊन शिकवलेलं, आणि त्या, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून आमच्यातच राहतात आणि अजून तेच म्हणतात. मी त्यांना आत्या म्हणते. चमच्याने खा म्हटलं, तर नवरा म्हणाला, "चमचा काय पायात धरू?"

म्हणजे भरवायचं मी. सकाळी शाळेच्या ऑफिसात जायच्या आधी, मधल्या सुट्टीत रिक्षाने धावत येऊन, आणि पुन्हा संध्याकाळी. भाकरी कुस्करायची, आमटीत भिजवायची, घास करायचा, ते टीव्ही बघत चावतात तोवर थांबायचं. आत्यांचे हात थरथरतात, त्यांच्याकडून होत नाही. नवऱ्याचं जेवण उरकून मी माझ्या ताटावर बसायची तेव्हा भाकरीचा पापड झालेला असायचा. आमच्या सोलापुरात कडक भाकरी लोक हौसेने विकत घेतात. मला ती फुकटात मिळत होती.

अशात नवरा कामाला होता त्या दुकानातल्या मंडळींनी माशांची टाकी आणून दिली. मन रमेल म्हणाले. दुष्काळात तेरावा महिना. माणसाचं करून झालं की माशांचं करायचं. टाकीत दोन गोल्डफिश होते आणि टाकीच्या दुकानदाराने वरून घातलेले चार पट्ट्यापट्ट्यांचे चपळ मासे. ह्या पट्टेवाल्यांनी दोन दिवसांत मोठ्या गोल्डफिशची शेपटी कुरतडून ठेवली. पदर उंदराने खावा तशी ती दिसत होती. नवऱ्याने ते आधी पाहिलं, कारण दिवसभर बघायला त्यांना तेवढंच होतं.

मी पट्टेवाले पिशवीत भरून माशांच्या दुकानात परत नेले. दुकानदार म्हणाला, "मुळापर्यंत गेलं नसलं तर भरून येतंय की वैनी. पाणी स्वच्छ ठेवा, थोडं जाडं मीठ टाका. आन् नळाचं पाणी डायरेक्ट घालू नका. शिळं घाला, वास गेलेलं."

हे घरी येऊन सांगितलं आणि तिथेच फसले. नवऱ्याने टाकीकडे बघत विचारलं, "भरून येतंय म्हणला?"

"व्हय."

"मग ह्याची शेपटी भरली की माझा हात उठतोय बघ. तवर तू भरव."

त्यांनी हे गमतीत म्हटलं असतं तर मी हसले असते. पण त्या दिवसापासून व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंसमोर ते न कुरकुरता बसू लागले. त्याआधी अर्ध्यात सोडायचे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून केव्हाच सांगितलं होतं, की ह्या हाताने घास उचलता येईल असं धरून चालू नका. ते मी घरात कुणाला बोलले नव्हते. आता हा एक मासा मेला तर हे व्यायाम सोडणार, आणि जगला, भरला, तरी हात उठणार नाही. मला दोन्हींची भीती वाटायची. पण रोज घास करता करता माझा खांदा इतका भरून यायचा, की काहीतरी एक होऊन जाऊ दे असंही वाटायचं. लवकर भर बाबा, असं मी त्या माशाला मनातल्या मनात दटावत असे.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी अख्खी गल्ली पहाटेपासून कामाला लागते. आधी घरातलं सगळं शिळं पाणी ओतायचं, पिंपं घासायची, मग ताजं भरायचं. शिळं पाणी घरात ठेवणं म्हणजे आळशीपणा. अशाच एका पाण्याच्या दिवशी मी गच्चीवर मोटार लावून टाकी भरत होते. खाली आले तर आत्या माशांच्या टाकीजवळ रिकामी कळशी घेऊन उभ्या. चेहऱ्यावर पुण्य केल्याचा आनंद.

"समदं शिळं हुतं गं त्यात. मुक्या जिवाला कशाला शिळं? निम्मं काढून ताजं घातलं बघ."

त्या पाण्याला ब्लीचिंगचा वास मारत होता. तुटक्या शेपटीचा मासा पाण्याच्या वर तोंड काढून भराभरा कल्ले हलवत होता. नवरा खुर्चीतून उठायची धडपड करत ओरडत होता, "शिळं आण! अगं, शिळं आण लवकर!"

घरात शिळं पाणी थेंबभरही नव्हतं. मीच घासून भरून ठेवलं होतं सगळं. मी कळशी घेऊन शेजारी गेले. शेजारीण म्हणाली, "ताजं आलंय की, शिळं कशाला?" पलीकडच्यांनी तर नुकतंच रस्त्यावर ओतलं होतं, माझ्या पायाखालून वाहत होतं ते. उन्हाळ्यात पाणी मागत हिंडलेली बाई ह्या गावात नवी नाही, पण शिळं पाणी मागत हिंडणारी मीच पहिली असेन. मला हसू येत होतं आणि रडूही. शेवटी मागच्या बोळातल्या तेलुगू पद्मशाली बाईंकडे न घासलेलं एक पिंप सापडलं. त्यांच्याकडे आदल्या दिवशी लग्न होतं, कुणी वेळेवर उठलंच नव्हतं. "शिळं हाय म्हणून आम्मा ओरडतेत मला, आन् तुमी मागायला आलाव," म्हणत त्यांनीच एक घागर उचलली आणि माझ्याबरोबर घरी आल्या.

मासा वाचला. आत्या दिवसभर देवापुढे बसून होत्या. त्यांना कुणी काही बोललं नाही, तरी त्यांनी रात्रीचं जेवण टाळलं.

मग शेपटी भरू लागली. आधी कडेला दुधाच्या सायीसारखी पातळ पांढरी किनार आली, मग ती पुढे सरकली, तिच्यात रेघा दिसू लागल्या, आणि मागून हळूहळू केशरी रंग उतरला. नवरा रोज मला बोलावून दाखवायचा. शेजारपाजारचे येऊन म्हणायचे, भरली की शेपटी! फक्त वरचं एक टोक जरा वाकडं, आखूड राहिलं.

"अजून भरली न्हाय," नवरा म्हणायचा. "वरचं टोक ऱ्हायलंय."

टोक राहिलंच. मी घास करत राहिले. व्यायामाच्या ताईसुद्धा आता माशाकडे बघायचं टाळत.

एका रविवारी दुपारी माझं अंग तापाने मोडून आलं होतं. मी ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले. पहिला घास पुढे केला, तर ते टाकीकडे बघत म्हणाले, "त्या टोकाला अजून थोडं मीठ लागंल का गं?"

माझं डोकं फिरलं. घास ताटात टाकला आणि मी ओरडले, "ते टोक तसंच राहणार! कायमचं! दुकानदाराला विचारलं मी, डॉक्टरलापण विचारलं! मासा पोहतोय की तरी! खातोय की! तुम्हीच बसलाय टोक धरून!"

डॉक्टर हा शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं, मी काय बोलले ते. त्यांनाही कळलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या हाताकडे. टीव्ही चालूच होता. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही. तेव्हा फक्त इतकं कळत होतं, की मी फार दमले आहे.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या. मला वाटलं, आता मला चार शब्द ऐकवणार. त्यांनी ताट उचललं, मुलाच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवलं आणि थरथरत्या हाताने भाकरीचा तुकडा मोडून दिला. आमच्या आत्या घाबरल्या किंवा हळव्या झाल्या की माहेरची कानडी बोलतात.

"ऊटा माडप्पा," त्या म्हणाल्या. जेव बाळा.

 त्यांचा डावा हात ताटात गेला. आमटी मनगटापर्यंत ओघळली, निम्मा घास बनियनवर पडला. आत्यांनी तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावला. मी पुसायला पुढे झाले नाही. स्वयंपाकघरात गेले, माझं ताट वाढून घेतलं, आणि भाकरी गरम होती तोवर त्यांच्यासमोर येऊन जेवायला बसले.