भावजींनी न तपासलेली बाटली

माझ्या धाकट्या दिरांइतका संशयी माणूस भोर-वेल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, आणि इतक्या प्रेमाने संशय घेणारा तर नाहीच नाही. चहात साखर आहे की नाही हे तुम्हीआम्ही एका घोटात सांगू. भावजींना आधी एक नक्की गोड कप लागतो आणि एक नक्की बिनसाखरेचा. दोन्ही चाखून झाले की मग ते स्वतःच्या कपाला तोंड लावणार आणि म्हणणार, "हं वहिनी, आहे साखर." तोवर त्या चहाचं सरबत झालेलं असतं. आंबवड्याला मुलगी पाहायला गेलो तेव्हाही त्यांनी बिनसाखरेचा जादा कप मागितला. मुलीकडच्यांनी ती मधुमेहाची कबुली समजून आम्हाला गोड बोलून वाटेला लावलं.

भोरला एका लग्नात एका काकांनी रीतीप्रमाणे "ओळखलंस का?" म्हणत त्यांच्या पाठीत थाप मारली. अशा वेळी आपण "म्हणजे काय!" म्हणून वेळ मारून नेतो. भावजी म्हणाले, "काका, तुमच्यासारखे दिसणारे तुमचे भाऊ आलेत ना? त्यांना जरा शेजारी उभं करा." त्या दोघा भावांचं बांधावरून बोलणं बंद होतं. बऱ्याच वर्षांनी ते खांद्याला खांदा लावून उभे राहिले. भावजींनी दोघांना नीट न्याहाळलं आणि जाहीर केलं, "तुम्ही धाकटे." ते थोरले निघाले. पण त्या गडबडीत दोघं भाऊ एकमेकांकडे बघून हसले, हेही खरंच.

हा दोष त्यांचा नव्हे, धंद्याचा. भावजी पुण्याला एका प्रयोगशाळेत होते. त्यांनी मला पोळ्या लाटताना समजावलं होतं ते असं: पेशीत डीएनएचा लांबच लांब दोरा असतो आणि तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या रिळांना शेपट्या असतात, शेपट्यांवर टिकल्यांसारख्या बारीक रासायनिक खुणा. कुठल्या खुणेने दोरा सैल होऊन जनुक जागं होतं, तर कुठल्या खुणेने आवळून झोपतं. त्या खुणा हुडकायला अँटिबॉडी वापरतात, म्हणजे हवी ती खूण दिसली की तिला चिकटणारं प्रथिन. "पण वहिनी, या अँटिबॉडी महाबिलंदर. तीन टिकल्या शोधायला पाठवावं, तर दोन टिकल्यांनाही खुशाल मिठी मारतात. म्हणून आधी नक्की तीनवाली, नक्की दोनवाली आणि बिनटिकलीची अशा तिन्ही शेपट्या पुढे ठेवून परीक्षा घ्यायची." मग मला चहाच्या कपांचा उलगडा झाला.

त्यांचं संशोधन होतं भातावर, आणि भात होता वेल्ह्याजवळच्या आमच्या चुलत आत्याबाईंच्या खाचरातला. रोप लहान असताना तहानलेलं राहिलं, तर ती आठवण खुणेच्या रूपाने त्याच्यात उरते का, हा प्रश्न. त्यासाठी आत्याबाई दरवर्षी दोन वाफे टाकायच्या, एक पाण्याचा आणि एक तहानेचा. भावजी दोन्हींची पानं थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवून एसटीने न्यायचे. कंडक्टरने एकदा "मासळी हाय का?" असं विचारलं आणि नसरापूर येईपर्यंत हिस्टोन ऐकून घेतले. परत त्याने कधी विचारलं नाही.

तहानलेल्या रोपांत तीन टिकल्यांची खूण गडद दिसू लागली, तेव्हा आत्याबाईंनी वेल्ह्याचा बाजार डोक्यावर घेतला. "आमच्या भाताला आटवन हाय! पुन्याच्या मशिनीनं बगितलंय!" तो निकाल छापून आला असता तर भावजींची नोकरीही कायम होणार होती. घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली होती.

तेवढ्यात अँटिबॉडीची बाटली संपत आली आणि नवी आली. भावजींनी अर्थातच नवीची परीक्षा घेतली, आणि शेजारी खात्रीची म्हणून जुनी ठेवली. नवी पास झाली. जुनी दोन टिकल्यांनाही घट्ट चिकटली. ती बाटली त्यांच्या सरांनी निवृत्त होताना हातात दिली होती, वर सरांच्याच अक्षरात 'तपासली' असं लिहून. जन्मात एकच गोष्ट या माणसाने विश्वासाने घेतली होती. नव्या बाटलीने दोन्ही वाफ्यांतली रोपं सारखीच दाखवली.

"कोण बघायला येतंय? छापून टाक," असं सोबतच्यांनी सांगितलं. भावजींनी छापायला पाठवलेला निबंध मागे घेतला, आणि मुदत संपल्यावर नोकरीही गेली. आत्याबाईंना सांगायला मात्र ते स्वतः गेले. मी सोबत होते. आत्याबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग आमच्या भाताला आटवत न्हाई म्हन की."

"तसं नाही, आत्या," भावजी म्हणाले. "आठवत असेलही. मला ओळखता आलं नाही."

"बरं, जेवून जा," त्या म्हणाल्या.

आता भावजी विदर्भातल्या एका कॉलेजात शिकवतात. यंदा लावणीच्या आधी मी वेल्ह्याला गेले, तर खाचराच्या कडेला दोन वाफे, एक हिरवागार आणि एक सुकलेला. मी विचारलं तर आत्याबाई जराशा चिडूनच म्हणाल्या, "त्यो परत आला तर? तवा काय आबाळातनं रोप आनू?"

मी तिथूनच भावजींना फोन लावला. दोन वाफ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "दोन्ही वाफ्यांची माती एकच आहे ना?"

"एकच आहे. मी बघितलंय."

आता कपांची मागणी येणार म्हणून मी वाट पाहत होते. पण ते हळूच म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदा तरी ऐकावं म्हणून मी किती वर्षं हात जोडले होते! आता ते आलं, तर मलाच ते नको झालं.

"नाही भावजी," मी म्हटलं, "माझ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. येऊन बघा."