मत्स्यकन्येचा मारुती

दुबईत आम्ही नवरा-बायको इंटिरियर फिट-आउटची, म्हणजे रिकामी जागा आतून उभी करून देण्याची कामं घेतो. ऑफिस करामा भागात, घर तिथून दोन गल्ल्या सोडून आणि सुतारकामाचं वर्कशॉप अजमानला. क्लायंटशी बोलणं आणि ड्रॉइंग पास करून घेणं माझ्याकडे. माणसं, माल आणि साइट नवऱ्याकडे. आजवर आम्ही क्लिनिकं केली, सलून केली, एका केरळी शेठचं सोन्याचं दुकान केलं. त्यामुळे देरा भागातल्या एका हॉटेलात थाई रेस्टॉरंट आणि त्याला लागून गाण्याचा लाउंज करायचाय, अशी एन्क्वायरी आली तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. विशेष वाटलं ते इतरांना.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला ही गोष्ट सहज बोलण्यात आली, तर पलीकडे बसलेले पुरुष एकमेकांकडे बघून हसले. त्यांतले एक प्लायवूडचे व्यापारी, आमचे जुने सप्लायर. ते म्हणाले, वहिनी, साइट व्हिजिटला आम्हालाही न्या कधीतरी. मी त्यांना म्हटलं, न्यायला हरकत नाही, सेफ्टी शूज घालून या आणि येताना वहिनींनाही घेऊन या. त्यांनी विषय बदलला. पण घरी येताना गाडीत मी विचार करत होते की या देशाबद्दल मला तरी काय माहीत आहे? हिरवी करी, मसाज आणि या लोकांचं हे हसणं. एवढीच माहिती माझ्याकडे होती, आणि तिच्या जोरावर मी एका थाई बाईंचं रेस्टॉरंट उभं करायला निघाले होते.

मालकीणबाई पन्नाशीच्या. बारीक अंगाच्या, केस घट्ट मागे बांधलेले, बोलणं हळू पण ठाम. वीसएक वर्षांपूर्वी हॉटेलच्या बँडमध्ये गायिका म्हणून दुबईत आलेल्या. मग गाणं सोडून आधी एका स्वयंपाकघरात भागीदार झाल्या आणि आता स्वतःचं काढत होत्या. इंग्रजी कामापुरतं उत्तम, आणि देऱ्यात इतकी वर्षं काढल्यामुळे हिंदीही येत होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला वय विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाल्या, मग तू मला 'पी' म्हण. थाईमध्ये वयाने मोठ्या माणसाला पी म्हणतात, आपल्या ताई-दादासारखं. तेव्हापासून त्या माझ्यासाठी पी झाल्या. घरीही आम्ही त्यांना पीच म्हणायचो.

डिझायनरने पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये दारातच बुद्धाचं भलंमोठं सोनेरी मस्तक होतं, शेजारी कारंजं. पीने ते पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं, तुमच्या देवाचं फक्त डोकं कापून तुम्ही हॉटेलच्या दारात ठेवाल का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग हे काढ. मग साइटवर उभं राहून त्यांनी मला एकेक गोष्ट समजावली. डोकं सगळ्यात पवित्र, पाय सगळ्यात खाली. म्हणून देवाची फळी डोक्याच्या वर आणि त्या भिंतीमागे टॉयलेट नको. कोपऱ्यात जागेच्या रखवालदाराचं छोटं देऊळ हवं, आणि त्याच्यासमोर रोज लाल रंगाच्या सरबताची उघडी बाटली, स्ट्रॉसकट. मला हसू आलं, पण क्षणभरच. गावाच्या वेशीवरच्या देवाला आमच्याकडे काय काय चढतं ते मला माहीत होतं. त्या संध्याकाळी मी सगळा लेआउट स्वतः बदलला, आणि ही बाई मला आवडली.

भांडण झालं ते भिंतीवरून. रेस्टॉरंटच्या आतली लांब भिंत पीने कोरी ठेवायला सांगितली होती. तिथे काय येणार असं विचारल्यावर त्यांनी मोबाईलवर एक चित्र दाखवलं. पांढराशुभ्र हनुमान, अंगभर सोन्याचे दागिने, समुद्राच्या लाटांमध्ये एका मत्स्यकन्येचा हात धरलेला. दोघांच्या चेहऱ्यावरचे भाव असे की समजावून सांगायची गरज नव्हती.

पीने तरी समजावलं. ही रावणाची मुलगी, सुवर्णमत्स्या. वानर सेतू बांधत होते तेव्हा ती माशांकरवी दगड पळवत होती. हनुमान तिला पकडायला पाण्यात उतरला आणि प्रेमात पडला. आमच्याकडे हे लहान पोरांनाही माहीत असतं, त्या म्हणाल्या, आमचा हनुमान फार रसिक.

आमच्या घरात दर शनिवारी मारुतीला तेल घातलं जातं. सासूबाई हिवाळ्यात ठाण्याहून आमच्याकडे येतात, आणि अजमानच्या वर्कशॉपमागच्या रेताड प्लॉटवर रुईची झुडपं आहेत हे कळल्यापासून त्या पानांचा हारही करतात. तो मारुती ब्रह्मचारी. त्याला मी दारू मिळते अशा जागी, एका बाईचा हात धरून, भिंतीवर काढून देणार नव्हते. मी पीला तसं स्पष्ट सांगितलं. हवं तर भिंत कोरी सोडून देईन, चित्र दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "तो तुमच्याकडून आम्ही उसना आणलेला नाही. शेकडो वर्षं आमच्या घरात वाढलाय."

मी मागे हटले नाही. मग पी म्हणाल्या, रविवारी माझ्याबरोबर चल, मी आधी जिथे गात होते ती जागा बघ, मग ठरव.

नवऱ्याला सांगितल्यावर तो म्हणाला, जा, पण मी खाली गाडीत थांबतो. मी म्हटलं, वरच ये ना. तो आला. देऱ्यातल्याच एका जुन्या हॉटेलचा पहिला मजला, छोटं स्टेज, त्यावर चार वादक आणि एकामागून एक गाणाऱ्या मुली. मला वाटलं होतं समोर पुरुषांची गर्दी असेल. थोडे होतेही. पण बहुतेक टेबलांवर थाई बायकाच होत्या. सलूनमध्ये, स्पामध्ये, हॉटेलांच्या किचनमध्ये काम करणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी नटूनथटून आलेल्या. समोर पपईच्या कोशिंबिरीच्या बश्या, वाफाळता चिकट भात, आणि सगळ्या टेबलांवरून गाण्याला साथ. एखादं गाणं आवडलं की कोणीतरी उठायचं आणि फुलांची माळ विकत घेऊन गाणाऱ्या मुलीच्या गळ्यात घालायचं. ती दोन्ही हात जोडून इतकी खाली वाकायची की माळ पुढे लोंबायची.

पी माझ्या कानाशी गाण्यांचे अर्थ सांगत होत्या. या गाण्यांना लुक थुंग म्हणतात, म्हणजे शेतातलं लेकरू. बँकॉकला कामाला गेलेली पोरगी आईला फोनवर सांगते की सगळं ठीक आहे. ट्रक ड्रायव्हरला गावातली जत्रा आठवते. मागच्या टेबलावरची एक बाई हसत हसत गात होती आणि गाता गाता डोळे पुसत होती. नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमासारखंच आहे की हे. मला तमाशातल्या बायका आठवल्या. त्यांच्याबद्दलही लोक असंच एकमेकांकडे बघून हसतात, आणि गाणं ऐकायला मात्र पहिल्या रांगेत बसतात.

मग पीलाच स्टेजवर बोलावलं. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी गायल्या. आवाज थोडा जाड झालेला, पण अजिबात न थरथरणारा. मी उठून माळ घेतली. कशी घालायची ते कळेना, म्हणून आधी नमस्कार केला. त्यांनी स्वतःच मान पुढे केली.

निघण्याआधी आम्ही खाली लॉबीत चहा घेतला, तेव्हा त्यांनी मला आपला इतिहास सांगितला. शाळेत शिकवतात तसा नाही, घरात सांगतात तसा. त्यांची जुनी राजधानी अयुथ्या. आपल्याच अयोध्येवरून पडलेलं नाव. ब्रह्मदेशाच्या सैन्याने ती जाळली, तिच्याबरोबर पोथ्याही जळाल्या. मग बँकॉक वसवणाऱ्या राजाने लोकांच्या आठवणीत होतं तेवढं रामायण दरबारात पुन्हा लिहवून घेतलं आणि देवळाच्या ओवऱ्यांमध्ये भिंतीभर काढवून घेतलं. म्हणून आमच्यासाठी ती नुसती देवाची गोष्ट नाही, त्या म्हणाल्या, शहर जळल्यावर जे वाचलं ते हेच. आमच्यावर गोऱ्यांचं राज्य कधीच आलं नाही, हेही त्यांनी जाता जाता अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, आमच्यावर आलं होतं. त्या म्हणाल्या, माहीत आहे, तुमचं इंग्रजी म्हणूनच चांगलं आहे. तिघेही हसलो.

मग कप बाजूला सारून त्या म्हणाल्या, "लोकांना आमच्या दोन गोष्टी माहीत असतात. एक जेवण, आणि दुसरी तुला माहीत आहे. मला भिंतीवर तिसरी हवी आहे."

घरी मी हे सगळं जेवताना सांगितलं. खरं तर मुलीला सांगत होते, नवरा बरोबरच होता. सासूबाई ताटात बघून जेवत होत्या. मुलगी म्हणाली, "आई, जस्ट लेट हर हॅव इट, इट्स हर वॉल." नवऱ्याचं म्हणणं, काम घेतलंय ना, मग पूर्ण करू आणि खलास. सासूबाईंनी मध्येच विचारलं, त्या दोघांना मूल झालं का?

मला माहीत नव्हतं. मी तिथूनच पीला मेसेज केला. लगेच उत्तर आलं: हो, मुलगा. वानराचं शरीर आणि माशाची शेपटी.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग हा मकरध्वज!"

आणि त्यांनी आम्हाला गोष्ट सांगितली, जी मी लहानपणी ऐकून विसरले होते आणि मुलीने कधी ऐकलीच नव्हती. लंका जाळल्यावर मारुती शेपूट विझवायला समुद्रात गेला, तेव्हा त्याच्या घामाचा थेंब पाण्यात पडला, तो एका मगरीने गिळला आणि तिला मुलगा झाला. आपल्याकडे घामाचा थेंब म्हणतात, सासूबाई म्हणाल्या, त्यांच्याकडे जरा मोकळेपणाने सांगतात, एवढंच. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चित्राबद्दल सर्वांत जास्त त्यांनाच वाईट वाटेल, असं मी गृहीत धरून बसले होते. त्यांची एकच अट होती: त्याच्यासमोर दारूच्या बाटल्या नकोत.

दुसऱ्या दिवशी मी ती अट पीला सांगितली. त्या म्हणाल्या, आमचीही तीच आहे, बार पलीकडच्या लाउंजमध्ये जाऊ दे, आणि चित्र टेबलांच्या उंचीवरून सुरू कर, म्हणजे कोणाचे पाय त्याच्याकडे होणार नाहीत. एवढंच होतं तर आम्ही भांडलो कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तू विचारलंच नाहीस, सरळ नाही म्हणालीस. मी म्हटलं, पुढच्या वेळीही आधी नाहीच म्हणेन, पण मग विचारेन. त्यांना ते पटलं.

चित्रकार अबू धाबीजवळ, मोहम्मद बिन झायद सिटी नावाच्या वस्तीत राहायचा आणि तिथल्या स्पांच्या भिंती रंगवायचा. तो अबोल माणूस रोज सकाळी अगरबत्ती लावून ब्रश हातात घ्यायचा. आमचे सुतार आणि इलेक्ट्रिशियन जेवणाच्या सुट्टीत त्याच्यामागे डबे घेऊन बसायचे. लाटा आधी आल्या, मग मासे, मग सेतूचे दगड, सगळ्यात शेवटी दोघांचे डोळे. भिंत पूर्ण झाली तेव्हा मला ती आवडली. आवडावी म्हणून मी स्वतःला समजावलं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी सासूबाईंना घेऊन गेले. पीने दारातच त्यांना हात जोडले, कपाळापर्यंत नेऊन, कारण त्या वयाने मोठ्या. सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या. खरं तर गरज नव्हती, ते रेस्टॉरंट होतं. त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दागिने फार घातलेत, पण तोच आहे.

पीने खुर्ची आणली. लाउंजमध्ये तालीम करणाऱ्या गायिका आणि वेटर मुलीही आल्या. पीने त्यांना सांगितलं की या आजींकडे हीच गोष्ट वेगळी आहे. मग सासूबाई मराठीत सांगायला लागल्या, मी इंग्रजीत, पी थाईमध्ये. घामाच्या थेंबापाशी मुली खिदळल्या. पाताळाच्या दारावर पहारा करणारा मुलगा आणि त्याला न ओळखता त्याच्याशी लढणारा बाप इथवर आल्यावर पीने सासूबाईंना हाताने थांबवलं आणि पुढचं स्वतः सांगितलं, आधी मुलींना थाईमध्ये, मग मला इंग्रजीत. आमच्याकडे मुलगा म्हणतो, तू माझा बाप कशावरून? तेव्हा हनुमान जांभई देतो, आणि त्याच्या तोंडातून चंद्र आणि तारे बाहेर पडतात. मुलाला ते बघून पटतं.

मी भाषांतर केलं.

"हे आमच्याकडे नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण चांगलं आहे."

पुढच्या शनिवारी तेल घालून झाल्यावर त्यांनी नातीला मकरध्वजाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी किचनमधून ऐकत होते. घामाचा थेंब होता तसाच ठेवला होता. जांभई मात्र त्यांनी घेतली होती, चंद्र-ताऱ्यांसकट.