मोहरीएवढ्या भोकावरचा पडदा

आमच्या वस्तीत मला 'अंडेवाली मॅडम' म्हणायचे. मॅडम तेव्हा मी कुठलीच नव्हते. विज्ञान विभागात संशोधन करणारी एक दमलेली विद्यार्थिनी होते आणि दर आठवड्याला पिशवीभर अंडी सायकलच्या हँडलला लावून जाताना लोकांना दिसायचे. बलकातून मला एक प्रकारची चरबी काढायची असे. उरलेलं पांढरं मी डब्यात भरून घरी आणायचे आणि आई त्याची कांदा घालून भुर्जी करायची. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं आमच्या घराने त्या भुर्जीवर काढली. "कोंबडीची पीएचडी करून राहिली वाटते तुमची पोरगी," असं शेजारची काकू आईला म्हणायची. आईला ते लागायचं. मला लागायचं नाही, कारण चिडायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. टेफ्लॉन नावाचं पांढरं, गुळगुळीत प्लास्टिक असतं. त्याचा चहाच्या कपाहून लहान असा एक कप, आणि कपाच्या भिंतीत मोहरीएवढं भोक. हा कप मिठाच्या पाण्यात ठेवायचा, आत आणि बाहेर तेच पाणी. मग बारीक ब्रशने ती अंड्याची चरबी भोकावर फासायची. भिंगातून पाहिलं की आधी साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात, आणि नशीब चांगलं असेल तर हळूहळू सगळं काळं होतं. काळं झालं म्हणजे पडदा जेमतेम दोन रेणूंच्या जाडीचा उरला. त्यातून वीज जात नाही. मग पाण्यात एका औषधाचा अगदी नावापुरता अंश सोडायचा. त्याचे रेणू पडद्यात शिरतात आणि त्यातले दोन टोकाला टोक लावून जुळले की पडद्याच्या आरपार एक नळी होते. तिच्यातून वीज वाहते आणि कागदाच्या पट्टीवर रेघ ओढणारं पेन एक पायरी वर चढतं. जोडी सुटली की पेन खाली उतरतं. एवढंच. एक पायरी म्हणजे एक नळी, डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकी लहान, पण तिचं उघडणं-मिटणं कागदावर दिसतं. आता याच वाटेच्या कामाला मोठमोठी नावं आहेत, नॅनोपोअर वगैरे. आमच्याकडे नाव नव्हतं, नुसतं भोक होतं.

आणि पडदा फुटायचा. कोणी दार आपटलं की फुटायचा, रेल्वेचं शंटिंग सुरू झालं की फुटायचा, शेजारच्या खोलीत कोणी खुर्ची ओढली की फुटायचा. टेबलाखाली आम्ही स्कूटरच्या ट्यूब हवा भरून ठेवल्या होत्या, चारी बाजूंनी तांब्याची जाळी लावली होती, तरी फुटायचा. उन्हाळ्यात तर विचारूच नका. कूलर लावला तर टेबल थरथरतं, नाही लावला तर नागपूरच्या मे महिन्यात माणूसच वितळतं. पावसाळ्यात ओलीने वीज नको तिथून गळायची. उरला हिवाळा. वर्षभर हात चोळत बसायचं आणि थंडीचे दोन-तीन महिने कामाचे, अशी ती शेती होती.

माझे मार्गदर्शक सर प्रतापनगरला राहायचे. कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, आणि तोंडात शब्द फार थोडे. काम चांगलं झालं तर "हं", वाईट झालं तरी "हं". मी संशोधनासाठी जागा शोधत फिरत होते तेव्हा माझं आडनाव ऐकून दोघांनी जागा नाही म्हणून सांगितलं होतं. आम्ही छप्पन्न साली धम्म घेतलेल्यांपैकी, आडनावावरून सगळ्यांना सगळं कळतं. सरांनी आडनाव ऐकलं आणि विचारलं, "हात थरथरतो का?" मी नाही म्हटलं. "मग उद्यापासून या," एवढीच ती मुलाखत झाली.

पण शेवटच्या वर्षी गणित अवघड झालं. सर जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. ते गेले की आमची खोली स्टोअरला जाणार हे ठरून गेलं होतं, आणि विभागात या विषयाला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं. माझ्याकडे पडदे होते, पायऱ्या नव्हत्या. पायऱ्यांशिवाय प्रबंध म्हणजे अंड्याच्या चरबीवरचा निबंध. तो हिवाळा हातचा गेला तर इतक्या वर्षांची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला तसे पडदे छान धरू लागले होते. मग दसरा आला. दसऱ्याला आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. दीक्षाभूमीवर जाण्यासाठी गावाकडून माणसं येतात, दोन दिवस आधीपासून चुली पेटलेल्या असतात. मी दरवर्षीसारखी रजा टाकली. विभागात त्याच वेळी खंडेनवमीला उपकरणांची पूजा होत असे. परत आले की तराजूला, मीटरला, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं आणि झेंडू सुकलेला दिसायचा. मी फडकं घेऊन आपलं टेबल पुसायचे आणि कामाला लागायचे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

त्या वर्षी परत आले आणि पडदे धरेनात. धरला तर काळा होण्याआधी फुटायचा. काळा झालाच तर औषध टाकण्याआधीच पेन वेड्यासारखं वर-खाली धावायचं. मी अंडेवाला बदलला. मीठ बदललं. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलं. कप इतका धुतला की माझ्याच हाताची कातडी निघाली. दिवाळी गेली, थंडी सुरू झाली, कामाचा हंगाम सुरू झाला आणि माझं काम ठप्प. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं चाललं होतं. घरी नळ पहाटे चारला यायचा. पाणी भरून, स्वयंपाकाला हात लावून मी साडेसहाला खोलीत हजर असायचे, कारण तेव्हा इमारत शांत असायची. आई एक दिवस म्हणाली, "तुले शाळेत नोकरी लागून राहिली होती, काहून नाही केली वं? आरशात तोंड तरी पाहते का?" मी आरशात पाहायचं टाळतच होते.

डिसेंबरात हात टेकले आणि कपच उचलून मायक्रोस्कोपखाली धरला. भोकाच्या कडेला बारीक ओरखडे होते, ते असणारच. त्या ओरखड्यांमध्ये पिवळं होतं. एका जागी लालसरही. हळद आणि कुंकू, तेलात कालवलेलं, भोकाच्या ओठाला भरून बसलेलं. तिथेच पडदा धरतो, आणि तिथेच हळद. वरून पुसलेलं होतं म्हणून डोळ्यांना कप पांढराशुभ्र दिसत होता.

मी कप घेऊन सरांच्या खोलीत गेले. "सर, कपाला हळदकुंकू कोणी लावलं?"

त्यांनी चष्मा काढला. "मी. सगळ्या उपकरणांची पूजा झाली, तुझाच कप ड्रॉवरमध्ये राहिला होता. वाटलं, हिचंच काम का वगळायचं. दुसऱ्या दिवशी मी पुसून ठेवला होता."

"मला विचारायचं तरी होतं."

"तू नव्हतीस."

"मी का नव्हते ते तुम्हाला माहीत होतं, सर."

सरांपुढे असा आवाज मी कधी काढला नव्हता. मला राग कपाचा होता, गेलेल्या दोन महिन्यांचा होता, आणि त्याहून जास्त याचा होता, की त्यांनी ते मायेने केलं होतं. वाईट हेतू असता तर भांडून मोकळी झाले असते. मायेशी भांडायचं कसं? सर कप हातात घेऊन खिडकीशी गेले, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती." मग टेबलाच्या खणातून टेफ्लॉनचा उरलेला तुकडा काढून ते स्वतः लकडगंजला लेथ चालवणाऱ्या एका खरादवाल्याकडे गेले. दिवसभर त्याच्या पुढ्यात बसून नवा कप कातून आणला आणि भोक स्वतः पाडलं. माफी शब्दांत काही मागितली नाही, आणि मीही ती मागून घेतली नाही.

जानेवारीच्या मध्याला एका सकाळी पडदा धरला. रंग आले, गेले, खालून काळं चढत गेलं आणि सगळं भोक काळं झालं. रेघ सपाट, कुठे थरथर नाही. मी औषधाचा थेंब सोडला आणि सरांना बोलावलं. ते स्टुलावर बसले. पेन सपाट चाललं. अर्धा तास झाला, सपाट. रेणूंना पडद्यात शिरायला वेळ लागतो हे मला माहीत होतं. वाट पाहायची होती, हलायचं नव्हतं. मी दंडावर डोकं टेकलं, म्हटलं, एक मिनिट.

जाग आली तेव्हा ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं होतं. सर तिथेच बसले होते. त्यांच्या पायात चपला नव्हत्या, दाराजवळ काढून ठेवल्या होत्या. पेनखालून निघालेला कागद जमिनीवर घड्या घालून पडला होता, आणि त्याच्यावर पायऱ्या होत्या. वर, खाली, वर, परत वर, दोन नळ्या एकदम उघडल्या तिथे दुप्पट उंच. स्वच्छ, एकसारख्या, हातभर-हातभर लांब.

"पडदा?" मी विचारलं.

"आत्ताच गेला."

"मला उठवायचं ना, सर!"

"उठवणारच होतो. हात पुढे केला आणि वाटलं, तू दचकशील, टेबल हलेल." मग ते कागदाकडे पाहत राहिले. त्यांचा आवाज ओळखू येईना. "किती वेळ उघडी राहते गं एकेक. मी मोजत होतो."

मला रडू आलं. आनंदाचं की कसलं, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही नाही. सरांनी मला पाणी दिलं आणि कागद स्वतःच्या हाताने गुंडाळला. नंतरच्या दिवसांत पडदे काही वेळा धरले, पण पायऱ्या तशा पुन्हा आल्या नाहीत. महिनाअखेर सर घरी गेले, जाळी उतरवली, ट्यूबमधली हवा सोडली आणि खोलीत जुनी टेबलं भरली.

त्या एका कागदावर माझा प्रबंध उभा आहे. परीक्षकांनी ती आकृती वाखाणली. मग नोकरी लागली, मीही शिकवायला लागले. मुलं ती आकृती पाहून विचारतात, मॅडम, पहिली नळी उघडताना पाहिली तेव्हा कसं वाटलं? मी म्हणते, खूप छान वाटलं. दुसरं काय सांगू? पाहिली ती सरांनी. मी झोपले होते.