मामाचं गाऱ्हाणं आणि फुकट्या पाहुणा
तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. मालवणात समुद्रालगत मामाने पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या आणि त्यांची वेबसाइट मी केली होती. एका दिवाळीच्या तोंडावर साइटवरचा भेटींचा आकडा भराभर वाढू लागला. मामा हरखला. त्याने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, “जे कोण पावणे येऊक निघाले आसत, तेंका सुखरूप हाड रे म्हाराजा!” मामी रोज तिखलं रांधून वाट बघायची. आला तो फक्त एक फोन, “अहो, तुमची साइट उघडतच नाही, आम्ही दुसरीकडे खोली घेतली.” सर्व्हर भाड्याने देणारा मला ऐटीत म्हणाला, “गर्दी वाढलीय, मोठा प्लॅन घ्या.” कसली गर्दी! कुडाळच्या सायबर कॅफेत बसून मी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या, तर सगळ्या भेटी एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवरून. माणूस नव्हताच, आपोआप पानं चाळणारा बॉट होता. मेला बुकिंगच्या कॅलेंडरात ‘पुढचा महिना’ दाबत दाबत पुढच्या शतकात पोचला होता! समुद्राच्या एका फोटोकडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या माऱ्याने साइट तुंबून खरी माणसं दारातून परत जात होती. मी तो पत्ता बंद केला, तशी साइट सुरळीत झाली. मामाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे मी गाऱ्हाणा घातलंय, ता तेच्यासाठी?” हल्ली असले बॉट मी रोज हाकलतो, राग येत नाही. पण त्या एकाच्या खुशालीसाठी माझ्या मामाने देवाला हाक मारली होती, ते अजून गिळवत नाही.