खर्जबुवांचा पहिला अल्बम

खर्जबुवा धंद्याने कवळ्या बनवणारे. दंतवैद्यांकडून प्लास्टरचे जबडे यायचे, त्यांवर मेणात एकेक दात बसवून ते लोकांच्या चावण्याची सोय करत. काम चोख होतं, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती रविवारची.

दर रविवारी कामाच्या खोलीत, मेणाच्या वासात, ते शेजारचा चष्मेवाला आणि स्वतःचा धाकटा मेव्हणा या दोघांना समोर बसवून पंक-रेगे नावाचं बंडखोर संगीत वाजवणाऱ्या एका परदेशी बँडचा पहिला अल्बम ऐकवत. मध्ये बोलायचं नाही. पाय हलवायचा नाही. मेव्हण्याने एकदा चुकून मान डोलावली, तर "ही करमणूक नाही," असं बजावून बुवांनी सुई उचलली आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली. मेव्हणा बहिणीच्या धाकाने यायचा, चष्मेवाला फुकटच्या कॉफीसाठी. संगीताची आवड त्या खोलीत कोणालाच नव्हती, आणि बुवांनाही होती असं म्हणवत नाही. त्यांना आवड होती ती आपल्यालाच कळतं याची.

ओली गोधडी फरशीवरून ओढावी तसा त्या गाण्यांचा ठेका, आणि त्यावर विहिरीच्या तळातून आल्यासारखा एक जाड, घोगरा आवाज. "हा दबलेला संताप आहे," बुवा डोळे मिटून सांगत. "असा खर्ज पुन्हा होणे नाही." या एका वाक्यामुळेच त्यांना ते नाव पडलं होतं. बँडच्या नंतरच्या अल्बमांवर केस कापलेल्या एका गायिकेचा फोटो असायचा, तिच्या नावाने तर ते बोटं मोडत. "मूळ गायकाला हाकललं आणि ही चिमणी आणून बसवली. बाजार मांडला सगळा!"

हे त्यांना कोणी सांगितलं? कोणीच नाही. तबकडी त्यांनी जुन्या बाजारातून कोऱ्या कागदी पाकिटात आणली होती. त्या गायकाची उंची, त्याचं दारूचं व्यसन, त्याचं भांडण, सगळं बुवांनीच घरबसल्या रचलं. चष्मेवाल्याला मात्र त्या बिचाऱ्याबद्दल ऐकून भरून यायचं.

हसून सोडून दिलं असतं, पण घरात मुलगी होती. भिंतीपलीकडे हा अल्बम ऐकतच ती वाढली आणि मैत्रिणींबरोबर स्वतःचा बँड काढून बसली. गळा उंच, स्वच्छ. तिचा हट्ट एवढाच, की बाबांनी एकदा येऊन आपलं गाणं ऐकावं. बुवांनी मान वर न करता उत्तर दिलं, "आधी त्याच्यासारखा खर्ज लाव, मग बोलाव मला."

वेड्या पोरीने ते मनावर घेतलं. रोज सकाळी हनुवटी छातीला टेकवून ती आवाज खाली खेचत राहिली. आधी घसा बसायला लागला, मग खोकला जाईना, आणि एका तालमीत आवाज फुटलाच नाही. घशाच्या डॉक्टरांनी आत पाहिलं, तर ताणाने स्वरतंतूंवर गाठी आलेल्या. "आवाज मुळात उंच आहे तुझा. कोणी सांगितलं तो असा दाबायला?" ते म्हणाले. बोलणं बंद, गाणं तर सोडाच. पुन्हा कधी गाता येईल, याचा भरवसा त्यांनी दिला नाही. बुवांनी बायकोला सुनावलं, "दमच नव्हता तिच्यात."

गप्प बसून काय करणार? त्या माणसाला हे जमलं तरी कसं, ते शोधायला मुलगी मोबाइल घेऊन बसली. आणि एका दुपारी बुवा कवळी घासत असताना तिने मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. गाणी तीच होती, पण ठेका चपळ, पायांना गप्प बसू न देणारा. गाणारी बाई होती.

"नक्कल!" बुवा कडाडले. "कुठल्या तरी पोरींनी केलेली फालतू नक्कल!"

मुलीने तबकडी काढली. मधोमध बुवांनी हौसेने स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती, ती तिने नखाने खरवडली. खाली तबकडीचा वेग छापला होता: मिनिटाला फेरे ४५. प्लेअरचा खटका नेहमीप्रमाणे ३३ वर होता. मोठी तबकडी म्हणजे तेहतीस, हे बुवांनी गृहीतच धरलं होतं आणि इतकी वर्षं ती संथ चालवून बाईचा पुरुष केला होता. मुलीने खटका सरकवला, सुई टेकवली. तीच चिमणी गायला लागली, पहिल्यापासून तीच होती.

म्हणजे जो आवाज कोणाच्याही गळ्यात कधी नव्हता, तो काढायला या गृहस्थाने पोटच्या पोरीला लावलं होतं.

बुवांनी सुई उचलली. दुसऱ्या कोणा बापाने त्या वेळी पोरीला जवळ घेतलं असतं. बुवांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, रविवारी त्या दोघांसमोर यातलं काही बोलू नकोस हं."

"बोलायला आवाज कुठे आहे, बाबा?" ती कुजबुजली.

बुवांचा जीव भांड्यात पडला.