सरांच्या नावाला हद्द नव्हती

झरीजवळच्या एका पतसंस्थेत ऑपरेटरची जागा माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबणार होती. फक्त प्रमाणपत्र दाखवायचं होतं. ते मिळावं म्हणून मी गंगाखेडला खोली करून एका कॉम्प्युटर क्लासला जात होतो.

क्लासात खरा कॉम्प्युटर एकच. खोलीभर दिसायचे ते नुसते पडदे आणि कीबोर्ड, सगळे कोपऱ्यातल्या एका मशीनला जोडलेले. तिच्यावर ताण नको म्हणून विद्यार्थ्याच्या नावानं आत गेलं की दोन-चारच प्रोग्राम उघडायचे, तेवढीच हद्द. पुढचा उघडायला गेलं की मशीन सरळ नाही म्हणायची. मालकाच्या नावाची मात्र ती तपासणीच करत नसे. मालक म्हणजे आमचे सर.

सर दिलदार. पंगतीत वाढप्यानं हात आखडता घेतला तरी त्यांना राग यायचा, मग पोरांनी 'नाही' ऐकलेलं कसं खपावं? गावाकडचा, भावकीतला, मेव्हण्याच्या शेजारचा, जो येईल त्याला ते आपला पासवर्ड देऊन टाकत. "आपल्याच नावानं बस की. तितं कोन इचारत न्हाई." माझी कुणाशी ओळख नव्हती. म्हणून मी माझ्याच नावानं बसायचो, एक काम सेव्ह करून बंद करायचो आणि मग दुसरं उघडायचो.

परीक्षेच्या दिवशी जवळपास सगळा वर्ग सरांच्या नावानं बसला. त्यात त्याच पतसंस्थेच्या चेअरमनचा भाचाही होता. त्याच्या प्रोग्रामनं चुकून स्वतःलाच पुन्हा पुन्हा सुरू करायला घेतलं. एकाचे दोन, दोनाचे चार झाले. मशीननं अडवलं नाही. मालकाला कोण अडवणार? बघता बघता सगळे पडदे गोठले.

सरांनी मशीन बंद करून चालू केली. कुणाचंच काही उरलं नव्हतं. एकेक सेव्ह करत गेल्यानं माझं काम तेवढं जागच्या जागी होतं. मी मनातून लय खूश झालो.

"एकट्यालाच पास करनं बरं दिसत न्हाई," सर परीक्षकांना म्हणाले. "सगळ्यायचीच परत घिऊ." मग त्यांनी बंदोबस्तही केला. विद्यार्थ्यांची हद्द निम्म्यावर आणली. स्वतःच्या नावाला हात लावला नाही.

परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. मी पास झालो, भाचा नापास. प्रमाणपत्र घेऊन मी पतसंस्थेत गेलो, तर माझ्या खुर्चीवर तोच बसला होता.

"ये की, बस," तो म्हणाला. "च्या सांगू का?"

मला त्याचा संताप आला, पण तो मनापासून विचारत होता. त्याला प्रमाणपत्र कुणी मागितलंच नव्हतं.